तार तुटली की दाब कुठे जातो?

डिचोली ते साखळी रस्त्यावर, किंवा पेडण्यात महामार्गाच्या कडेने धारगळकडे जाताना, टर्बोवाल्या गाडीच्या पिकअपची तक्रार घेऊन कुठेही थांबा. एक सल्ला हमखास मिळतो. ‘पात्रांव, कंपनीने गाडीला वेसण घातलेली असते. वेस्टगेटची नळी काढून टाका, नाहीतर मध्ये सोलेनॉइड घाला, मग बघा.’ सोलेनॉइडला तीन तोंडं असतात, त्यातली कुठली नळी कुठे जोडायची असं विचारलं, तर उत्तर येतं की कुठेही जोडा, बाकीचं ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, सांभाळतो. हा सल्ला इतक्या सहजपणे दिला जातो की घेणाऱ्याला त्यात तपासण्यासारखं काही वाटत नाही. मला यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात जास्त खटकतं, म्हणून प्रतिवादाची सुरुवात तिथूनच करतो.

आधी यंत्र काय आहे ते पाहू. इंजिनाचा धूर टर्बोचं एक चाक फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चाक हवा दाबून इंजिनात ढकलतं. हवा जास्त गेली की इंधन जास्त जाळता येतं, त्यामुळे धूर वाढतो, त्याने चाक आणखी वेगाने फिरतं. या चक्राला कुठेतरी थांबवावं लागतं. त्यासाठी धुराच्या बाजूच्या घरातच एक छोटी झडप असते, ती म्हणजे अंतर्गत वेस्टगेट. ती उघडली की थोडा धूर चाकाला वळसा घालून थेट सायलेन्सरकडे जातो. झडप उघडणारी दांडी एका गोल डबीतून येते. त्या डबीत, म्हणजे ॲक्च्युएटरमध्ये, एक रबरी पडदा आणि एक स्प्रिंग असते. हवेच्या बाजूचा दाब नळीने पडद्यावर येतो. स्प्रिंगचा जोर ओलांडला की दांडी सरकते. पडद्याचा व्यास पाच सेंटिमीटर धरला तर अर्धा बार दाबाला त्यावर सुमारे दहा किलो वजनाचा रेटा पडतो. एवढ्या रेट्याला दांडी सरकेल अशी स्प्रिंग असली तर बूस्ट, म्हणजे टर्बोने भरलेला दाब, अर्ध्या बारच्या आसपास थांबतं. या व्यवस्थेत वीज कुठेच नाही. बॅटरी उतरलेली असो की ईसीयू बिघडलेला असो, टर्बोने दाबलेली हवाच टर्बोला आवरते.

सोलेनॉइड येतो तो या नळीच्या मध्ये. त्याचं काम एकच, पडद्यावर जाणाऱ्या दाबातला काही भाग बाहेर सोडणं. ईसीयू त्याला सेकंदाला वीस-तीस वेळा चालू-बंद करतो आणि चालू असण्याचा वाटा कमीजास्त करतो. वाटा शून्य असला तर सगळा दाब पडद्यावर पोचतो आणि बूस्ट स्प्रिंगच्या आकड्यावर थांबतं. वाटा वाढला की पडद्याला खरा दाब कळत नाही, झडप उशिरा उघडते, बूस्ट वर जातं. म्हणजे सोलेनॉइड बूस्ट फक्त वाढवू शकतो. खालची मर्यादा स्प्रिंग ठरवते आणि कितीही चांगलं ट्यूनिंग केलं तरी त्याखाली जाता येत नाही.

आता जोडणी. तीन तोंडांपैकी एक समाईक असतं, दोन्ही स्थितींत उघडं राहणारं. ते ॲक्च्युएटरकडे गेलं पाहिजे. वीज नसताना समाईक तोंडाशी जोडलेलं जे तोंड, त्यावर टर्बोच्या हवेच्या घरातून येणारी दाबाची नळी. वीज आल्यावर उघडणारं तिसरं तोंड हवा बाहेर सोडण्यासाठी. या शेवटच्या दोन नळ्यांची अदलाबदल झाली की काय होतं ते बघा. वीज नसताना ॲक्च्युएटरचा संबंध बाहेरच्या हवेशी येतो, पडद्यावर दाबच पोचत नाही आणि झडप मिटलेली राहते. दाबाची नळीच समाईक तोंडावर लावली तर आणखी वेगळा घोळ होतो. वीज आली की दाब बाहेर वाया जातो, पण पडद्यावर आधी गेलेला दाब बाहेर पडायला वाट नसते, तो तिथेच अडकतो. मग वाटा वाढवला तरी बूस्ट हवं तसं वाढत नाही आणि मेकॅनिक तो आणखी वाढवत बसतो.

ईसीयू सांभाळून घेतो म्हणणाऱ्यांनी पहिल्या चुकीचा नीट विचार करावा. ईसीयूकडे बूस्ट आवरण्याचं हत्यार तोच सोलेनॉइड आहे. सेन्सरने सांगितलं की दाब ठरल्यापेक्षा जास्त झाला, की तो सोलेनॉइडची वीज कमी करतो, कारण त्याच्या हिशेबात वीज कमी म्हणजे बूस्ट कमी. उलट्या जोडणीत मात्र वीज कमी म्हणजे झडप घट्ट बंद, म्हणजे बूस्ट आणखी जास्त. ईसीयू जितका आवरायला जातो तितका टर्बो उधळतो. शेवटी वीज शून्यावर येते, तेव्हा झडप कायमची मिटलेली असते. यानंतर ईसीयूच्या हाती इंधन तोडणं एवढंच उरतं. चढावर भरलेली गाडी अचानक मान टाकते ती अशी. एखाद्याने ईसीयूत मॅप, म्हणजे नियंत्रणाचा तक्ता, उलटा भरून ही जोडणी चालवून दाखवली, तरी कनेक्टर सैल झाला, उंदराने तार कुरतडली किंवा फ्यूज उडाला की तो मॅप कामाचा राहत नाही. जोडणी बरोबर की चूक हे त्या क्षणी दाब कुठे जातो यावर ठरतं. तो ॲक्च्युएटरकडे गेला तर गाडी थोडी मंद होऊन घरी पोचते. नाही गेला तर टर्बोचा वेग कुठे थांबेल हे कुणाच्याच हातात नसतं.

हा काही माझा अतिसावधपणा नाही. ज्यांनी मोटारीत टर्बो आणला त्यांचीही वाट हीच होती. १९६२ च्या ओल्ड्समोबाइल जेटफायरमध्ये ठोका (इंधन अवेळी पेटून होणारी ठकठक) टाळण्यासाठी पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण फवारलं जाई. टाकीतलं मिश्रण संपलं की बूस्ट आपोआप मर्यादेत येई. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला साबने, त्यांचे अभियंते पेर गिलब्रांड यांच्या कामातून, एपीसी ही यंत्रणा आणली. ठोका ओळखणारा सेन्सर आणि वेस्टगेटच्या नळीवर एक सोलेनॉइड, म्हणजे आज ज्याची चर्चा आपण करतो आहोत त्याचाच पूर्वज. त्यातही पायाचा दाब स्प्रिंगने ठरवलेला होता. सोलेनॉइड त्यावर भर घाली, आणि पेट्रोल हलकं निघालं तर ती काढून घेई. यंत्रणा बंद पडली तर गाडी पायाच्या दाबावर येई. आजच्या कित्येक डिझेल गाड्यांत दाबाऐवजी व्हॅक्यूमने चालणारा ॲक्च्युएटर असतो. तिथे नळ्यांचा अर्थ उलटतो, पण हिशेब बदलत नाही. व्हॅक्यूम गेला की झडप उघडते, किंवा हलत्या पात्यांचा टर्बो असेल तर पाती मोकळी होतात, आणि बूस्ट पडतं. म्हणून दाबावर चालणाऱ्या गाडीचा आराखडा बघून व्हॅक्यूमवाल्या गाडीला हात लावू नये, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

सोलेनॉइडवर तोंडांचे आकडे छापलेले असतात, मग इतका गोंधळ का व्हावा? कारण आकड्यांचा अर्थ प्रत्येक कंपनीचा वेगळा. एकीकडचं एक नंबर दुसरीकडे तीन नंबर असतं. यावर उपाय फुकटचा आहे. सोलेनॉइड हातात घ्या, वीज न देता एका तोंडातून फुंका, हवा कुठून बाहेर येते ते बघा. मग बारा व्होल्ट देऊन पुन्हा फुंका. कुठलं समाईक आणि कुठलं कधी उघडतं हे लगेच कळतं. मग ॲक्च्युएटरला गेजवाल्या हातपंपाने दाब द्यावा आणि दांडी कुठल्या आकड्याला हलायला लागते ते लिहून ठेवावं. हातपंप नाही म्हणून गॅरेजच्या कॉम्प्रेसरची नळी थेट डबीला लावणारेही आहेत. तिथे सात-आठ बार दाब असतो आणि पडदा एकाच फुंकीत फाटतो. फाटलेला पडदा म्हणजे पुन्हा मिटलेली झडप.

आता नळी उपटण्याच्या सल्ल्याकडे वळू. त्याच्या समर्थनार्थ दोन मुद्दे येतात. पहिला म्हणजे डिझेलला ठोका लागत नाही, तेव्हा बूस्ट वाढवायला भीती कसली. दुसरा, खाणीच्या दिवसांत टिपरवाले हेच करत होते.

पेट्रोलला लागतो तसा ठोका डिझेलला लागत नाही हे खरं. पण डिझेलमध्ये ताकद इंधनाने येते, हवा फक्त ते जाळायला मदत करते. जुन्या मायको डिझेल पंपावर एक पडदा असतो, बूस्ट वाढलं की तो इंधन वाढवू देतो. पण ठरावीक दाबाला तो टेकतो. त्यापुढे बूस्ट दुप्पट केलं तरी पंप थेंबभर जास्त सोडत नाही. नळी उपटून गाडीला जोर आला असं ज्यांना वाटतं, त्यांच्यापैकी बहुतेकांनी त्याच दिवशी पंपाचा स्क्रूही फिरवलेला असतो. जोर स्क्रूने दिला आणि श्रेय नळीला मिळालं. कॉमन रेल गाडीत तर तेवढंही होत नाही. ईसीयूला सेन्सरवर ठरल्यापेक्षा जास्त दाब दिसला की तो पी०२३४ हा कोड नोंदवून गाडी लिंप मोडमध्ये, म्हणजे ताकद कापून कशीबशी चालण्याच्या स्थितीत, टाकतो. सपाट रस्त्यावर दोन मिनिटं उडालेली गाडी साखळीहून केरीमार्गे चोर्ला घाट चढायला लागली की तिसऱ्या वळणावर रांगते, त्याचं कारण बहुधा हेच.

आणि टर्बोचं काय होतं? छोट्या मोटारीच्या टर्बोचा दांडा मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेतो. तेलाच्या पातळ थरावर तरंगणाऱ्या बेअरिंगसाठी आधीच ती कमाल असते. तिथे पन्नास हजार फेऱ्यांची भर पडली तर पाती, बेअरिंग, सील, यातलं आधी काय जाईल एवढाच प्रश्न उरतो. शिवाय घाटात उंचीसोबत बाहेरची हवा पातळ होते, तेवढंच बूस्ट भरायला टर्बोला मुळातच जास्त फिरावं लागतं. किनाऱ्यालगत हरमलला तपासून ठीक वाटलेली गाडी आंबोली चढताना सगळा हिशेब वसूल करते. बूस्ट वाढूनही वरच्या फेऱ्यांना जोर मावळतो, त्याचंही कारण आहे. धुराचा उलटा दाब झडपेला आतून ढकलतच असतो, आणि कमजोर स्प्रिंग असली तर नळी नसतानाही तो झडप फट करून उघडतो. मिटून ठेवायची ताकद स्प्रिंगमध्ये नसेल तर सोलेनॉइडने दाब कितीही सोडला तरी फरक पडत नाही.

टिपरवाल्यांचा दाखला मला विशेष गंमतीचा वाटतो. डिचोली तालुक्यातल्या खाणींवरून सारमानस, आमोणेच्या जेटींपर्यंत खनिज वाहणाऱ्या जुन्या ट्रकांतल्या कित्येकांत टाटाचं ६९७ इंजिन होतं. सहा सिलिंडर, ९७ मिलिमीटर बोअर. त्याच्या मूळ रूपात टर्बोच नव्हता, तेव्हा वेस्टगेटची नळी उपटण्याचा प्रश्नच येत नाही. तिथे जे होत असे ते पंपाचं इंधन वाढवणं. खेपांवर पैसे मिळत, जास्त खेपा म्हणजे जास्त कमाई, आणि इंजिन उतरवण्याचा खर्च पुढच्या हंगामावर ढकलता येई. तो हिशेब त्या धंद्यात कदाचित जमतही असेल. पुढे २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, पुन्हा चालू झाल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या, आणि हप्ते भरता न आलेले कितीतरी ट्रक अंगणात गंजत उभे राहिले. त्या काळाची सवय उचलून मोपा विमानतळाच्या प्रवाशांची टॅक्सी ट्यून करायची, जी ना खाणीवरची आहे ना टिपर, हे माझ्या आकलनापलीकडचं आहे. टॅक्सीची कमाई ती चालू राहण्यावर असते. दाबोळीला उतरणारी विमानं मोपालाही यायला लागली तेव्हापासून पेडणे तालुक्यातल्या गाडीला पहाटे तीनला धारगळची चढण चढावी लागते, आणि प्रवाशाचं विमान लिंप मोडची वाट बघत नाही.

सोलेनॉइडच्या बाजूने जे खरं आहे ते मान्य करायलाच हवं, नाहीतर हा वाद एकांगी होईल. फक्त स्प्रिंगवर चालणारी झडप एका क्षणी उघडत नाही, आधीपासून थोडी थोडी फाकते. अर्ध्या बारसाठी बसवलेली झडप त्याच्या बऱ्याच आधीच धूर सोडायला लागते. त्यामुळे बूस्ट भरायला उशीर होतो. सोलेनॉइड झडपेला शेवटपर्यंत मिटलेलं ठेवून ठरलेल्या आकड्याजवळ सोडू शकतो. मधल्या फेऱ्यांत गाडी खरोखर जिवंत वाटते ती यामुळे, आणि कमाल बूस्ट एक टक्काही न वाढवता. ज्याला पिकअप हवा आहे त्याला बहुतेकदा हवं असतं ते हेच. त्यासाठी सोलेनॉइड बसवू नका असं माझं म्हणणं नाहीच. बसवा, पण दाब कुठून घेता ते बघा.

काहीजण दाबाची नळी इनटेक मॅनिफोल्डवरून घेतात, इंजिनात जाणारा ‘खरा’ दाब तिथेच मिळतो म्हणून. ऐकायला पटतं. पण पेट्रोल गाडीत थ्रॉटल मिटलं की मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम होतो, पडदा उलटा ओढला जातो. थ्रॉटल अर्धवट उघडं असताना टर्बो त्याच्या मागे दाब साठवत असतो आणि ॲक्च्युएटरला त्याची खबरच नसते. इंटरकूलरचा पाइप निसटला तर मॅनिफोल्डला शून्य दिसतं, झडप मिटलेली राहते, मोकळ्या हवेत टर्बो वेडा फिरतो. म्हणून नळी टर्बोच्या हवेच्या घरावरच्या निपलमधून घ्यावी. तिथून ॲक्च्युएटरपर्यंत नळी जितकी आखूड तितकं नियंत्रण चोख. लांब नळीत हवा भरायला वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात बूस्टचा काटा ठरल्यापेक्षा वर उसळून खाली येतो. अर्थात आखूड म्हणून सोलेनॉइड टर्बोच्या गरम घराला चिकटवायचा नाही. पेट्रोल गाडीत ते घर लालबुंद होतं, प्लास्टिकचा सोलेनॉइड तिथे काही आठवडेच टिकेल. आणि माशांच्या टाकीची पारदर्शक नळी लावणाऱ्यांनी ती उन्हात उभ्या गाडीच्या बॉनेटखाली एकदा हाताने दाबून बघावी.

डिचोलीत आणखी एक गोष्ट मोजावी लागते, ती म्हणजे धूळ. तिसरं तोंड उघडं सोडलं तर गाडी बंद असताना खनिजाची तांबडी धूळ आत शिरते, तेलाच्या वाफेत मिसळते, आणि सोलेनॉइडची सुई चिकटते. ती उघडी चिकटली तर वीज बंद असूनही बूस्ट वाढतं. म्हणून ते तोंड एअर फिल्टर आणि टर्बो यांच्या मधल्या पाइपात सोडावं. हवा मोजणारा सेन्सर असलेल्या गाडीत याने मोजलेली हवा वायाही जात नाही. दोन तोंडांचा सोलेनॉइड टी लावून बसवतात, त्यात दाबाच्या नळीत सुमारे एक मिलिमीटर भोकाची अडचण घालावी लागते. ती घातली नाही तर सोडलेला दाब लगेच भरून निघतो, सोलेनॉइड निरुपयोगी ठरतो. ती घातली, आणि त्या भोकात चिखल बसला, तर ॲक्च्युएटरकडे काहीच पोचत नाही. कारखान्यातून आलेल्या गाड्यांतही ही रचना असते, ती वाईट नाही. पण मयेच्या खाणरस्त्याने रोज जाणाऱ्या गाडीला मी तीन तोंडांचाच बसवीन.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १८२अ गाडीत परवानगीबाहेरचे बदल करणाऱ्या मालकालाही दंड आणि कैदेची तरतूद करतं. दुर्घटना झाली तर विम्याचा माणूस बॉनेट उघडतो, आणि बंद केलेली नळी त्याला लगेच दिसते.

उरला शेवटचा युक्तिवाद, आणि तोच सगळ्यांत प्रामाणिक आहे. गिऱ्हाईकच मागतं, आम्ही काय करू? गिऱ्हाईक पिकअप मागतं, नळी उपटायला सांगत नाही. ‘चढाला ओढत नाही’ म्हणून आलेल्या गाडीला आधी पुढचं बघावं. एअर फिल्टर धुळीने माखलाय का. इंटरकूलरच्या नळीला, क्लिपखाली, बारीक चीर गेली आहे का. तिथे तेलाचा ओला डाग दिसतो, आणि साबणाच्या पाण्याने हवेचे बुडबुडे. वेस्टगेटची दांडी गंजून अर्धी उघडी अडकली आहे का. पावसाळ्यात चार महिने उभ्या राहिलेल्या गाड्यांत हे असतं. ॲक्च्युएटरकडे जाणारी नळी चिरली असेल तर बूस्ट वाढतं, आणि मागच्या कुणीतरी ती चिमटून ठेवली असेल तर लिंप मोड लागून गाडी मरतुकडी वाटते. मग कोड वाचावा. पी०२९९ म्हणजे दाब कमी पडतोय, गळती शोधा. पी०२४३ म्हणजे सोलेनॉइडची तार किंवा कॉइल. नवी क्लिप, नळीचा तुकडा आणि तासाभराची मजुरी, एवढ्यात बहुतेकांचा हरवलेला जोर परत येतो. त्यानंतरही ज्याला आणखी हवं असेल त्याच्याकडे बूस्ट गेज बसवायचे पैसे मागावेत, आणि पहिली चक्कर सोलेनॉइडचा कनेक्टर काढून मारावी. काटा स्प्रिंगच्या आकड्यावर थांबला तर कनेक्टर लावायचा. त्यावर गेला, तर गाडी वळवून गॅरेजात आणायची आणि नळ्या पुन्हा फुंकून बघायच्या.